मोळीला हात



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले ग्रंथपाल काका पुस्तक परत घेताना आधी शेवटचं पान उघडायचे. तिथं डकवलेल्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक आणि तारखांचे जांभळे शिक्के असत. काकांचं बोट त्यांवरून सावकाश खाली यायचं. एखाद्या पुस्तकावर आपलाच जुना क्रमांक सापडला, तर ते चिठ्ठी आपल्यापुढं धरून म्हणत, "हे बघ, आठवीत असताना नेलं होतंस. आता काय दिसलं ते सांग." रांग मागं वाढत असायची, पण उत्तर ऐकल्याशिवाय ते पुढचं पुस्तक हातात घेत नसत. साहित्यसमीक्षा हा शब्द मी पुढं कॉलेजात ऐकला. तो प्रश्न मात्र मला काकांच्या टेबलापाशी आधीच भेटला होता.

अभिजात आणि समकालीन पुस्तकांच्या पुनर्वाचनावर मी बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. विषय फार मोठा आहे. मी आज एकाच पुस्तकावर बोलणार आहे, आणि त्यातही मुख्यतः एका प्रसंगावर. पुस्तक आहे साने गुरुजींचं 'श्यामची आई'.

इथं बसलेल्या बहुतेकांनी ते वाचलेलं आहे. न वाचलेल्यांनाही ते माहीत आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, त्याला मिळालेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, वनमालाबाईंचा चेहरा, या सगळ्यातून ते घरोघरी पोचलं. इतकं पोचलं, की उघडून पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली. ज्या पुस्तकाबद्दल सर्वांचं एकमत असतं त्याचं वाचन थांबलेलं असतं. 'हळवं पुस्तक', 'संस्काराचं पुस्तक', 'मुलांना भेट देण्याचं पुस्तक' असे शिक्के त्यावर बसले आणि मुलांच्या कपाटात त्याची रवानगी झाली. मीही विशीत असताना हेच म्हणत होते. एम. ए.च्या वर्गात आम्ही साने गुरुजींचं नाव घेत नव्हतो. आमच्या तोंडी 'रणांगण' आणि 'कोसला' ही नावं असायची. त्या पुस्तकांवर माझं आजही प्रेम आहे. पण साने गुरुजी वाचायचे नाहीत, हे आम्ही न वाचताच ठरवलं होतं, आणि त्याची खंत मला आहे.

मला त्या पुस्तकाकडे परत नेलं ते एका विद्यार्थिनीनं. बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग होता. आत्मपर लेखनावर बोलताना मी ओघात 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणाचा उल्लेख केला. प्रसंग तुम्हाला आठवत असेल. एक म्हातारी महारीण वाटेवर लाकडांची मोळी घेऊन अडलेली आहे. तिला ती उचलवत नाही आणि शिवाशिव होईल म्हणून कुणी मदतीला पुढं होत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे. लोक काय म्हणतील, ही श्यामची धास्ती. पण आई त्याला पाठवते आणि तो जातो. १९३३ साली लिहिताना गुरुजींनी केवढं धाडसाचं उदाहरण दिलं आहे बघा, असं मी म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. "मॅडम, मग त्यानं घरी जाऊन आंघोळ केली ना?"

खरं आहे. आईनं त्याला तेही सांगितलेलं आहे. मोळी उचलून दे आणि मग आंघोळ कर. ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं होतं आणि एकदाही तिथं थांबले नव्हते. ती मुलगी पुढं म्हणाली, "माझी आजी मोळ्या विकायची." एवढं बोलून ती खाली बसली. मी काहीतरी सांगितलं. त्या काळाच्या मर्यादा वगैरे. तास संपला. पण ते उत्तर मला स्वतःलाच पुरलं नाही. त्या संध्याकाळी मी या वाचनालयात आले आणि मुलांच्या कपाटातून पुस्तक काढलं.

आधी मोळीबद्दल थोडं सांगते, कारण आता गॅसच्या शेगडीपाशी वाढलेल्या पिढीला ती ठाऊक नसणार. मी लहान असताना आमच्या गावात माळावरून मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया रोज दिसत. डोक्यावर चिंध्यांची चुंबळ, तिच्यावर हातभर रुंद आणि पुरुषभर लांब मोळी, वेलीनं किंवा काथ्यानं दोन जागी आवळलेली. ही मोळी एकटीला खाली टाकता येते, पण एकटीला डोक्यावर घेता येत नाही. एका बाजूनं आपण उचलायची आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी रेटायची, तेव्हा ती डोक्यावर बसते. म्हणून शहाणी बाई वाटेत मोळी उतरवत नाही. उतरवलीच तर उंच बांध किंवा दगडी कट्टा बघून तिथं टेकवते. आणि बांध नसेल तर वाट बघत उभी राहते. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, "जरा हात लावा."

हात लावणं! आपल्या भाषेत मदतीला आणि स्पर्शाला एकच क्रियापद आहे. ओझ्याला हात लावणं म्हणजे उचलू लागणं, आणि माणसाला हात लावणं म्हणजे शिवणं. गुरुजींच्या त्या म्हातारीला पहिला अर्थ हवा आहे आणि गाव दुसऱ्या अर्थाच्या भीतीनं लांब उभं आहे. श्यामची आई पहिला अर्थ मान्य करते, दुसरा पुसून टाकायला पोराला न्हाणीत पाठवते. दोन्ही गोष्टी तिच्या तोंडून एकाच दमात येतात. तिच्या मनात त्यांचं भांडण नाही.

आता दुसरी एक आंघोळ आठवा. ती सगळ्यांना आठवते. 'थोर अश्रू' मधली. न्हाऊन झालेला लहान श्याम तळवे मळतील म्हणून पाऊल टाकायला तयार नाही. आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते, तो त्यावर पाय ठेवून येतो, आणि मग ती सांगते, पायांना जसा जपतोस तसा मनाला जप. हा प्रसंग कुणालाही विचारा, पाठ असतो. मी ती रात्र आणि मोळीची रात्र (पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटलं आहे) अशा दोन्ही एकापाठोपाठ वाचल्या. एकीत आंघोळ शरीराची आहे आणि आई तिच्यापुढं जाऊन मनाच्या स्वच्छतेकडे बोट दाखवते. दुसरीत मन स्वच्छ आहे, कृती स्वच्छ आहे, तरी आंघोळ उरतेच. पुस्तक एक, आई एक, आणि आंघोळी दोन. आपण पहिली जिवापाड जपली आणि दुसरीवरून पान उलटलं. पान उलटणारी मीही होते.

यावर दोन सोपी मतं देता येतात, आणि दोन्ही मी ऐकली आहेत. एक मत म्हणतं, आंघोळीचा बाऊ करू नका, त्या काळात मोळी उचलून दिली हेच खूप. दुसरं मत म्हणतं, आंघोळीनं सगळं उघडं पडलं, पुस्तक मिटवा. पहिल्या मतात त्या म्हातारीचा विचार नाही, दुसऱ्यात गुरुजींचा. मला या दोन्हींपेक्षा वेगळा प्रश्न पडला. गुरुजींनी ते वाक्य ठेवलं का?

ते कधी आणि कुठं लिहीत होते ते बघा. १९३३ चा फेब्रुवारी, नाशिकचा तुरुंग. पुस्तकाचा बहुतेक भाग ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत उतरला. याच आठवड्यात, ११ फेब्रुवारीला, पुण्यातून गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. आदल्या सप्टेंबरात येरवड्याचं उपोषण आणि पुणे करार होऊन गेले होते. आणि ज्या नाशकात गुरुजी कैदेत होते, तिथंच काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला होता आणि अजून मिटलेला नव्हता. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे देवळाचे दरवाजे बंद होते आणि माणसं बाहेर उभी होती. 'श्यामची आई' छापून आली १९३५ साली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेबांनी जाहीर केलं.

अशा वेळी, अशा गावी, एक गांधीवादी सत्याग्रही आपल्या आईची गोष्ट लिहितो आहे. आंघोळीचं वाक्य गाळणं त्याला किती सोपं होतं! आई अधिक उजळ झाली असती, प्रसंग अधिक बोधप्रद झाला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. गुरुजींनी गाळलं नाही. त्यांना त्यात खटकण्यासारखं काही वाटलंच नसेल, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण हा लेखक स्वतःची लाजही झाकत नाही. पोहायला घाबरून लपून बसलेला श्याम, त्याला मारत बाहेर काढणारी आई, हे तो लिहितो. कर्ज फिटत नाही तेव्हा घरची अब्रू कशी चव्हाट्यावर येते, हे तो लिहितो, आणि प्रकरणाला नावच देतो 'अब्रूचे धिंडवडे'. जे घडलं ते घडलं तसं सांगायचं, ही त्याची जिद्द आहे. हळवेपणाचा शिक्का मारणाऱ्यांना ही जिद्द दिसली नाही. डोळ्यांत पाणी असलेला माणूस साक्ष खरी देऊ शकतो, यावर आम्हा समीक्षकांचा विश्वास कमीच.

साक्ष हा शब्द मी जाणून वापरते आहे. लहानपणी आपण वाचतो तेव्हा श्याम हा मुलगा असतो. पुन्हा वाचताना लक्षात येतं, की बोलणारा श्याम मोठा माणूस आहे. आश्रमात राहतो, रात्री प्रार्थनेनंतर मित्रांपुढं बसतो आणि रोज एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आई १९१७ मध्ये गेली, तो शिकायला दूर होता, घरी पोचायला उशीर झाला. हे त्याच्या सांगण्याचं मूळ आहे. शेवटच्या भेटीला न पोचलेला मुलगा सोळा वर्षांनी, तुरुंगात, तिच्या एकेका कृतीचा हिशेब मांडतो आहे. अशा हिशेबात खोटी रक्कम लिहिवत नाही.

आणि सांगण्याची ही रीत कुठून आली? १९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा दर रविवारी तिथं गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. ती अठरा प्रवचनं गुरुजींनी ऐकता ऐकता टिपून घेतली, आणि म्हणूनच आज आपल्या हाती 'गीता प्रवचने' आहेत. दुसऱ्याच वर्षी ते स्वतः लिहायला बसले, तेव्हा त्यांच्या कानात ही बोलण्याची लय होती. मंडळी जमणार, कुणीतरी दिवा सारखा करणार, बोलणारा बोलणार, ऐकणारे मधूनच विचारणार, आणि उद्या पुन्हा जमायचं. कादंबरीचे नियम लावून आम्ही या पुस्तकाला कच्चं ठरवलं. पण ते प्रवचनाच्या, कीर्तनाच्या घरात जन्मलेलं आहे. पुढं गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलं, तो हाच कान. मोळीच्या प्रसंगातली आई एका वाक्यात दोन आज्ञा देते, तेही बोलण्यातलं वाक्य आहे. घाईच्या वेळी आया असंच बोलतात.

त्याच सुमारास नाशिकच्याच मातीतलं आणखी एक पुस्तक लिहिलं जात होतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' चा पहिला भाग १९३४ चा. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून त्या आठवणी सुरू करतात. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. पण त्याआधीच त्यांच्या मनातून जात निघून गेली होती. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. एका पुस्तकात सोवळं मायेबरोबर सुखानं नांदतं. दुसऱ्यात ते एका बाईच्या डोळ्यांदेखत, तिच्या हसण्यात, विरघळतं. गुरुजींची आई, पालगडची यशोदा, आणि जलालपूरची लक्ष्मी यांची भेट झाली असती तर काय बोलल्या असत्या, याचा विचार मी अनेकदा केला आहे. आता नवल वाटतं, की एकीचं नाव आपण 'श्यामची आई' ठेवलं आणि दुसरीनं स्वतःचं पुस्तक स्वतः सांगितलं.

पण इथवर येऊनही त्या मुलीचा प्रश्न बाकी राहतोच. ती मोळीवाली. गुरुजींच्या प्रकरणात तिला वय आहे, दुखणं आहे, ओझं आहे, पण पुढची हकीकत नाही. श्याम आंघोळीला गेला, ती कुठं गेली?

याचं उत्तर मला दुसऱ्या कपाटात सापडलं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं १९८६ मध्ये आलं. बेबीताईंचा जन्म १९२९ चा, वीरगावचा. नंतर त्या फलटणला राहिल्या. हे लेखन त्यांनी कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. त्यात महार बायांच्या सरपण विकण्याचं वर्णन आहे. मोळी डोक्यावर घेऊन त्या ब्राह्मणआळीत जात. घरातली बाई लांब उभी राहून बजावे, की लाकडं नीट बघून घ्या, काटक्यांना तुमचा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकलेला राहता कामा नये, नाहीतर घर बाटेल. मग त्या बाया काटकी न काटकी तपासत, आणि मगच ती रचली जाई. रानातलं लाकूड चालतं, ते तोडणारे हात चालतात, मात्र त्या हातांच्या बाईचा एक केस चालत नाही.

हे वाचल्यावर मी 'देवाला सारी प्रिय' पुन्हा उघडलं, आणि ते बदललेलं होतं. अक्षरं तीच होती. पण वाटेवर बसलेल्या त्या म्हातारीची मोळी आता कुठं जाणार आहे, ते मला दिसत होतं. ती कुणाच्या तरी परसात जाणार, तिथं तिला हात आखडून उभं राहावं लागणार, काटक्या निवडाव्या लागणार. त्या लाकडांवर कुणाची तरी चूल पेटणार, पाणी तापणार. शिवून आलेल्या कुणा श्यामच्या आंघोळीचं पाणीसुद्धा अशाच लाकडांवर तापलं असेल. १९८६ च्या पुस्तकानं १९३५ च्या पुस्तकातली एक अंधारी जागा उजेडात आणली. समकालीन साहित्य का वाचायचं, असं मला विचारतात, तेव्हा मी हे उदाहरण देते. बेबीताईंनी गुरुजींना उत्तर द्यायला लिहिलं नाही, त्यांनी आपलं जिणं सांगितलं. पण वाचक म्हणून दोन्ही पुस्तकं माझ्या एकाच मांडीवर होती, आणि एकातली मोळी दुसऱ्यात उतरली.

माझ्या मनातली श्यामची आई यामुळं लहान झाली का? मी स्वतःला हे प्रामाणिकपणे विचारलं. नाही झाली. कांडपाला येणारी मथुरी आजारी पडली तर तिची काळजी करणारी, कर्जाच्या काचात दिवस काढणारी, नवऱ्याची आब राखता राखता खंगत गेलेली ही बाई मला आता पूर्वीपेक्षा जवळची वाटते. आधी ती देव्हाऱ्यात होती. आता ती मला पालगडच्या वाटेवर, त्या काळात, त्या जातीत, त्या घरात उभी दिसते. तिला एक पाऊल दिसलं आणि तेवढं तिनं मुलाला टाकायला लावलं. पुढचं पाऊल तिला दिसलं नाही.

ते मुलाला दिसलं. तेही एका रात्रीत नाही. १९४७ साली, स्वातंत्र्य दारात उभं असताना, गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला. मंदिराचं दार उघडेना, तेव्हा १ मे रोजी ते पंढरपुरात उपोषणाला बसले. अखेर मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं. गुरुजींच्या चरित्रात हा प्रसंग एका प्रकरणात असतो आणि 'श्यामची आई' दुसऱ्या. मी त्या दोहोंमधली चौदा वर्षं एक सलग वाट म्हणून वाचते. पोर आईच्या सांगण्यावरून मोळीला हात लावून आलं, न्हालं, मोठं झालं, तुरुंगात बसून त्यानं ते न्हाणं जसंच्या तसं लिहून ठेवलं, आणि मग ते विठोबाच्या दारात जाऊन बसलं. आईच्या दोन आज्ञांपैकी पहिली त्यानं जन्मभर पाळली, दुसरी मोडली. आईची याहून मोठी आठवण कुणी ठेवली असेल असं मला वाटत नाही.

आणि तरीही सांगायला हवं, की दार उघडणारा इथंही श्यामच आहे. मोळीवाली दारात बसून काय म्हणत होती, ते ऐकायला बेबीताईंचंच पुस्तक लागतं. एका पुस्तकाचं काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

त्या विद्यार्थिनीला हे सगळं मी वर्गात सांगू शकले नाही. वर्ष संपलं, ती पुढं गेली. आज ती या सभागृहात नाही, पण हे व्याख्यान तिच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे, आणि ते देताना मला काकांच्या टेबलापुढं उभं असल्यासारखं वाटतं आहे. आता काय दिसलं ते सांग.

परवा या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी पुन्हा इथं आले होते. 'श्यामची आई' अजून मुलांच्या कपाटात, खिडकीजवळ आहे. 'जिणं आमुचं' आतल्या खोलीत, दलित साहित्याच्या फळीवर. दोन्ही मी एकदमच काढली. काउंटरवर आता काकांच्या जागी बसणाऱ्या ताईंनी शिक्का उचलला, आधी एका चिठ्ठीवर उमटवला, मग दुसऱ्या. दोन्ही पुस्तकं इथं माझ्यासमोर टेबलावर आहेत, दोन्हींवर एकच तारीख आहे. येत्या सोमवारी मी ती परत करणार आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी जाताना ताईंकडे नाव देऊन ठेवावं, आणि जमलं तर दोन्ही एकत्रच न्यावीत.